मोघेकाका आणि थिजलेलं डिझेल

सिडनीतल्या आमच्या स्कोफिल्ड्सच्या गल्लीत मोघेकाका कुणालाच ‘कसा आहेस?’ असं विचारत नाहीत. ते विचारतात, ‘बॅटरी किती वर्षांची?’ माझ्या बायकोला पहिल्याच भेटीत विचारलं, तर ती बिचारी पर्समधून मोबाइल काढून बघायला लागली.

काका बसडेपोत मेकॅनिक. एकटेच राहतात. थंडी पडली की लोक माणसांची काळजी करतात, हे गाड्यांची. ‘आपण स्वेटर घालतो. गाडीने काय करायचं, मेट?’ एकदा काचेवर दहिवर गोठलं म्हणून मी उकळतं पाणी घेऊन बाहेर आलो, तर समोरच्या घरातून पायजम्यावरच धावत आले. ‘काच तडकेल! गार पाणी घे, गार!’

गेल्या जुलैत, इथल्या ऐन हिवाळ्यात, आम्ही त्यांना घेऊन स्नो बघायला निघालो. ‘सिडनीत टाकी फुल करू नकोस,’ त्यांनी तीनदा बजावलं. ‘डोंगराजवळ थंडीचं वेगळं डिझेल मिळतं, ते भर.’ मी ‘नो वरीज’ म्हणालो आणि टाकी फुल केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी केबिनबाहेर उणे नऊ. झाडं, कुंपण, रस्ता, सगळं पांढरं, आणि इतकं शांत की स्वतःचा श्वास ऐकू यावा. त्या शांततेत माझी दोन टनांची गाडी दोनदा खोकली आणि गप्प झाली.

काका मला एका शब्दानंही बोलले नाहीत. बॉनेट उघडून म्हणाले, ‘डिझेलमध्ये मेण असतं. गारठलं की थिजतं, तुपासारखं. फिल्टर तुंबलाय.’ मग माझ्या मुलीची गरम पाण्याची पिशवी मागून घेतली, टॉवेलने फिल्टरभोवती बांधली आणि तासभर तिच्यातलं पाणी बदलत राहिले. हातमोजे काढून ठेवलेले, बोटं लालभडक. मी सारखा किल्लीकडे हात नेत होतो.

‘घाई नको. उठेल ती.’

आणि ती खरंच उठली! आधी थरथरली, मग धूर सोडला, मग गुरगुरायला लागली. ‘ही इज अ कार डॉक्टर!’ मुलगी ओरडली. लोखंडाला इतक्या मायेनं हात लावणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो.

परतीच्या वाटेवर काका हळूच म्हणाले, ‘कॅनबेरात दहा मिनिटं थांबशील?’

एका घरासमोर छोटी निळी गाडी उभी होती. काकांनी खिशातून किल्ली काढून ती उघडली. काच धुवायच्या पाण्यात ते गोठू न देणारं औषध ओतलं, टायरची हवा पाहिली, पुढच्या काचेवर जाड कव्हर चढवलं.

‘माझ्या मुलीची, मेधाची,’ ते म्हणाले. ‘हॉस्पिटलात पहाटेची शिफ्ट असते. तिच्या लग्नाला मी गेलो नाही. मूर्खपणा माझाच. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही.’

घरात दिवा होता. ‘बेल वाजवू, काका?’

‘नको.’ ते हात पुसत राहिले. ‘ही किल्ली माझ्याकडे आहे, हे माहितीये तिला. अजून परत मागितली नाहीये.’

आणि त्यांनी ती जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवून चेन वर ओढली.