रुंद बिळांची योजना

एका जंगलात, म्हणजे तुमच्या-आमच्यासारख्याच एका जंगलात बाळांनो, गोदी नावाची ससीण राहायची. त्या चकल्या जरा खाली ठेवा आणि ऐका.

गोदीला गोटू एकुलता एक. सशांत एकुलतं एक कुठे असतं, म्हणून हसू नका. बाकीची भावंडं घारीने नेली होती. गोदीचा सगळा जीव गोटूत.

तिथल्या सशांची एक रीत होती. रोज संध्याकाळी आया पिल्लांना कुरणात सोडायच्या आणि मधेच ओरडायच्या, "घार आली!" की पिल्लं धूम पळत बिळात. बिळाचं तोंड मुद्दाम अरुंद ठेवलेलं. ससा मावेल, कोल्हा मावणार नाही, एवढंच.

मग कोल्हेसाहेबांनी त्याच कुरणात दुकान थाटलं. गुळाच्या पाकात घोळलेल्या रताळ्याच्या चकत्या! पळायला जागा उरली नाही, आणि पळायचं होतं कुणाला? पिल्लं रांगेत उभी राहिली. हां हां म्हणता सगळी गोलमटोल झाली.

एक दिवस खरोखरच घार आली. गोटू धापा टाकत बिळापाशी पोचला. डोकं आत गेलं आणि पोट दारात अडकलं. गोदीने आतून कान धरून ओढला, तेव्हा कुठे पोरगं वाचलं.

ती तडक सिंहमहाराजांकडे गेली. "महाराज, पोरं फुगलीत. ते दुकान हलवा, कुरण मोकळं करा."

महाराजांना फार वाईट वाटलं. त्यांनी तिथल्या तिथे लठ्ठपणा निर्मूलन समिती नेमली. अध्यक्ष हत्ती, कारण विषयाचा अनुभव दांडगा. खर्च कोल्हेसाहेबांनी उचलला. केवढं मोठं मन म्हणायचं! बैठकीला चकत्याही त्यांच्याच. त्या संपल्या तेव्हा निर्णय झाला.

"पिल्लं अडकतात, याचा अर्थ बिळं लहान आहेत," हत्ती म्हणाला. "सगळ्यांची बिळं रुंद करून देऊ. फुकट!"

"अहो, मग कोल्हा नाही का आत येणार?" गोदी कळवळून म्हणाली.

"असं काय बोलता वहिनी?" कोल्हेसाहेबांनी छातीवर पंजा ठेवला. "मी समितीत आहे!"

टाळ्या पडल्या.

घरोघरी बिळं रुंद झाली. गोदी मात्र आपल्या दारात ठाण मांडून बसली. शेजारणी म्हणाल्या, "अगं, फुकट मिळतंय तर घे की!" तिने नाही म्हणजे नाहीच घेतलं. कुरण गेलं होतं, म्हणून ती गोटूला करवंदाच्या जाळीभोवती पळवू लागली.

"आई, एकच चकती दे ना," गोटू रडायचा.

"चकती गेली खड्ड्यात. पळ!"

"कसली कैदाशीण आई आहे मेली," शेजारणी चकती मोडत म्हणायच्या.

आणि एका दुपारी जंगल डुलक्या घेत असताना कोल्हेसाहेब योजनेची पाहणी करायला निघाले. एकेका घरात शिरले. प्रत्येक घरात थोडा वेळ थांबले. जाळीपाशी असलेल्या गोटूने ते पाहिलं आणि तो जिवाच्या आकांताने पळाला. दाराला थोडी लव चिकटून राहिली, पण पोरगं आत गेलं. गोदीने त्याला पोटाशी धरलं आणि ती पहिल्यांदाच हमसून हमसून रडली.

पुढे मोठा समारंभ झाला. महाराजांनी जाहीर केलं, "आपल्या जंगलात आता एकही लठ्ठ ससा उरलेला नाही!" कोल्हेसाहेबांच्या गळ्यात हार पडला. हार जरा घट्टच बसला.

समारंभाहून ते थेट गोदीच्या दारी आले. पोट सुटलेलं, दम लागलेला.

"वहिनी, सगळ्या जंगलात तेवढं तुमचंच घर राहिलंय. दार रुंद करून घ्या की."

"दार आहे तेवढंच राहील, भावोजी," गोदी आतून म्हणाली. "तुम्हीच जरा बारीक होऊन या."

तात्पर्य: बाळांनो, योजनेला नेहमी सहकार्य करावं. त्या जंगलात ज्यांनी ज्यांनी सहकार्य केलं, त्यांच्यापैकी एकाचीही आजवर तक्रार आलेली नाही.