घड्याळाचं शनिवारचं न्हाणं

“माणसाला शनिवारी तेलाचं न्हाणं लागतं, मग ह्यालाच का नको?” असं म्हणत हनुमंतरावांनी बैठकीतल्या उंच घड्याळाचं दार उघडून आत डोकं घातलं. पेन्शनीत निघाल्यापासून प्रत्येक वस्तूच्या पोटात काय आहे ते बघायची हौस त्यांना जडली होती. शिवणयंत्राचं पोट त्यांनी आधीच पाहिलं होतं. ते अजून पिशवीत आहे.

“उद्या आपल्या पंकजाला बघायला येताहेत. आजच हे खूळ?” गोमतीबाई म्हणाल्या.

“उद्या येताहेत म्हणूनच की!”

त्यांनी लंबक आणि वजनं चिंचेनं घासली, ती लखलखली. इथवर ठीक होतं. पण मग हनुमंतरावांनी वाटीभर तिळाचं तेल कोमट केलं आणि आतल्या चाकांवर निवांत सोडलं. घड्याळ बापडं चालत राहिलं. हनुमंतरावांची छाती फुगली.

रविवारी दुपारी तिरुविडैमरुदूरहून चंद्रमौली आपल्या मुलाला, शामसुंदरला, घेऊन आले. चंद्रमौली म्हणजे राहुकालाचे भारी कडक; त्या अशुभ दीड तासात कुठलंही शुभकार्य नाही. साडेचारला राहुकाल लागायच्या आत तांबूल हातात पडलं तर सोयरीक, नाहीतर नमस्कार, असं त्यांनी आधीच कळवलं होतं. पंकजानं तर शामसुंदरला भजनात मृदंग वाजवताना पाहिलं होतं, आणि तेव्हापासून तिला दुसरं काही सुचत नव्हतं. सगळ्या घराचा जीव टांगणीला लागला होता.

चंद्रमौली घड्याळासमोरच बसले. पंकजानं एक पद म्हटलं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

“चारच वाजताहेत. आणखी एक होऊ दे.”

दुसरं झालं. कापी पिऊन झाली. मुलीच्या मामांची, मावशांची चौकशी झाली.

“अजून चारच? छान घड्याळ आहे हो, घाई म्हणून करत नाही!”

हनुमंतराव खुशीत हसले. गोमतीबाई तांबुलाचं ताट घेऊन आल्या. चंद्रमौलींनी हात पुढे केला आणि मधेच थांबवला. घड्याळात अजूनही चारच वाजले होते. त्यांना राहवेना. ते उठले, घड्याळाचं दार उघडून त्यांनी आत बोट घातलं, बाहेर काढलं आणि हुंगलं.

“हे काय? तिळाचं तेल?”

“काल शनिवार होता,” हनुमंतराव पुटपुटले.

“अय्यो! आता खरे किती वाजले?”

शामसुंदरनं मनगट वर केलं. “पावणेपाच, अप्पा.”

“अरे, मग सांगितलं का नाहीस?”

“गाणं चाललं होतं,” शामसुंदर खाली बघत म्हणाला.

गोमतीबाईंनी ताट खाली ठेवलं. पंकजाचे डोळे भरून आले. हनुमंतरावांना त्या क्षणी घड्याळाच्या पेटीत शिरून दार लावून घ्यावंसं वाटलं.

“आता राहुकालात मी होय म्हणणार नाही,” चंद्रमौली म्हणाले.

“म्हणजे निघता?” हनुमंतरावांनी कसंबसं विचारलं.

“राहुकालात उंबरा ओलांडू? भलतंच काय बोलता!”

झालं! होय म्हणता येईना, उठता येईना. सहापर्यंत बसणं आलं. माणसं नुसती बसवून कशी ठेवायची? गोमतीबाईंनी चुलीवर इडल्या चढवल्या. चंद्रमौलींनी दोनदा मागून घेतल्या. शामसुंदर पितळी डब्यावर ठेका धरू लागला आणि पंकजा तिसरं पद म्हणू लागली. चंद्रमौलींनी मात्र दोघांकडे न बघता घड्याळाची चाकं मोजायला घेतली. त्यांनाही आता त्याच्या पोटात काय आहे ते बघायचं होतं, आणि हनुमंतरावांना तर सोबतच हवी होती.

बाहेर अंधारून आलं. दिवा लागला.

“शाम, संपला का रे राहुकाल? सांग, म्हणजे उठू.”

शामसुंदरनं मनगट कानाशी नेलं. “माझं पण थांबलंय, अप्पा.”

पंकजा शेजारीच वाकून इडल्यांची पानं उचलत होती. तिला टिकटिक स्वच्छ ऐकू आली. तिनं मान आणखी खाली घातली.

चंद्रमौलींनी मुलाकडे पाहिलं, मग पंकजाच्या लाल झालेल्या कानांकडे. तेलकट हात त्यांनी धोतराला पुसले.

“गोमतीबाई, तांबूल आणा,” ते म्हणाले. “हा आज उठत नाही.”