गोगटेकाका हॉलंडला कान लावतात

गोगटेकाका कुणाच्याही घरी गेले की आधी फ्रिजची चौकशी करतात. खिशातून छोटा स्क्रूड्रायव्हर काढायचा, टोक फ्रिजच्या पाठीला टेकवायचं, मूठ कानाशी धरायची आणि डोळे मिटायचे. मग निकाल: "अजून वर्षभर ओढेल." त्यानंतर यजमानांकडे लक्ष जातं.

काका जहाजावरून चीफ इंजिनियर म्हणून निवृत्त झाले. सिंगापुरात यिशुनला आमच्या वरच्याच मजल्यावर राहतात. खालच्या हॉकर सेंटरमधल्या, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांतल्या, कॉफीवाल्या चिनी अंकलचा फ्रिज कुरकुरला की तो लांबूनच हाक मारतो, "चीफ, कम लिसन लाह!" काकांना त्याच्याकडे कॉफी फुकट असते. माझ्याकडे निदान झालं तेव्हा मी दोन दिवसांत नवा फ्रिज घेतला. जुना अजून कुणाच्या तरी घरी ठणठणीत चालू आहे असं ऐकतो.

रॉटरडॅमला काका पुष्कळदा गेले होते. हॉलंड मात्र पाहिलं नव्हतं. धक्क्यावर उतरायचं, साबण-ब्लेड घ्यायचं, परत इंजिनरूम. हॉलंड बघायचं होतं ते सुधाकाकूंना, आणि त्यातही गिथॉर्न. त्या गावात रस्त्यांच्या जागी कालवे आहेत आणि नावा आवाज न करता चालतात. "जन्मभर फोनवर तुमच्यामागचं इंजिन ऐकलं, आता जरा शांत ठिकाणी न्या," असं काकूंचं म्हणणं. काकांनी शब्द दिला. तिकिटं काढायच्या आधीच काकू गेल्या.

या एप्रिलमध्ये मी आणि माझी बायको मेघना हॉलंडला निघालो, तेव्हा काकांच्या लेकीचा पर्थहून फोन आला. बाबांना बरोबर न्या, आईचं ते गाव तेवढं दाखवा. काका लगेच तयार झाले.

तिथं उतरल्यावर त्यांचा सिद्धांत कळला. "हा देश नाही, जहाज आहे. समुद्राच्या खाली बसलंय. पाणी उपसणारे पंप थांबले की खेळ खलास." मग आमची सहल पंपांची झाली. ट्युलिपच्या शेतात लोक फुलांबरोबर फोटो काढत होते आणि काका बांधाशी उकिडवे बसून पाणी कुठे जातं ते बघत होते. किंडरडाइकच्या पवनचक्क्यांकडे पाठ करून त्यांनी शेजारच्या पंपघराच्या दाराला स्क्रूड्रायव्हर लावला. आतून एक उंच डच माणूस तणतणत बाहेर आला. थोड्या वेळानं तोही दाराला कान लावून उभा होता. डेल्फ्टमध्ये आम्ही चर्च पाहिलं, काकांनी गटार पाहिलं. "उतार झकास," म्हणाले.

गिथॉर्न मात्र रोज उद्यावर जात होतं. सकाळी न्याहारीला काकांना कुठला तरी नवा पंप आठवायचा. शेवटच्या दिवशी मेघनानं चीजचा तुकडा ताटलीत ठेवला आणि म्हणाली, "काका, काकूंना शब्द दिला होतात." काकांनी जाकीट चढवलं.

नाव विजेवर चालणारी होती. काकांनी सवयीनं मोटरला स्क्रूड्रायव्हर लावला. बराच वेळ धरला आणि खिशात ठेवून दिला. गवताची छपरं, लाकडी पूल, बदकं सगळं हळूहळू मागे सरकत होतं. गाव सुंदर होतं, आणि खरंच कुठे आवाज नव्हता. काकांचा चेहरा उतरला. मेघनानं विचारलं, बरं वाटत नाही का?

"इंजिनरूममधला माणूस गोंगाटात गाढ झोपतो गं," ते म्हणाले. "आवाज थांबला की दचकून उठतो. घरात सुधा सकाळपासून बोलत असायची. आता फ्रिज तेवढा बोलतो." मग मेघनाकडे वळून म्हणाले, "तू बोलत राहा. काहीही बोल."

मेघनाला घरी गप्प करणं मला कधी जमलेलं नाही. तिनं लगेच सुरुवात केली. काकू तिच्याजवळ काकांच्या कशा कागाळ्या करायच्या ते सांगू लागली. बोटीवरून आले की पहिल्यांदा मिक्सर खोलून ठेवतात, पाहुणे आले की गप्पा मारायच्या सोडून त्यांच्या घरचे पंखे विचारतात.

"आणि नळसुद्धा," काका हळूच म्हणाले.

धक्का येईपर्यंत मेघना थांबली नाही. काका डोळे मिटून ऐकत होते, फ्रिजपाशी मिटतात तसे. निकाल मात्र त्यांनी दिला नाही.