अप्पांचा मुआयना

कोणाच्याही घरी गेले तरी शंकरअप्पा आधी बसत नसत. यजमान "या, या" म्हणत पुढे येईपर्यंत हे भिंतीला कान लावून उभे! वाकवलेल्या बोटाने टकटक करायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. "मंजूर" म्हणाले की लोडाला टेकून बसत. "नामंजूर" म्हणाले की त्या भिंतीपासून लांब, दाराशी उकिडवे. मग यजमानाने कितीही आग्रह करो.

अप्पा गंगाखेडच्या तहसील कचेरीत पेशकार, म्हणजे कारकून होते. नोकरी सुटली, पण मुआयना, म्हणजे तपासणी करणं, काही सुटलं नाही. बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही. आमच्या शेजारच्या ऐसपैस घरात एकटे राहत. आळीतल्या एका वाण्याच्या भिंतीला कान लावून ते एकदा म्हणाले, "आत बिऱ्हाड हाय." वाणी पोट धरून हसला. पुढे कोनाडा काढायला त्याने भिंत फोडली, तर आतून मुंगसाची पिल्लं निघाली. त्या दिवसापासून मी अप्पांना हसणं बंद केलं.

चैत्रात आमच्या घराला आग लागली. आमच्या यांची कापसाची अडत. माल घरातच एका खोलीत असे, म्हणून मुंबईच्या एका व्यापाऱ्याने हट्टाने घराचा विमा उतरवायला लावला होता. माणसं वाचली, माळवद मात्र खाली आलं. आमच्याकडे लाकडावर माती थापून सपाट छत करतात, तेच माळवद. विमा कंपनीचा माणूस आगगाडीने आला, राखेत फिरला आणि म्हणाला, "घर बांधायला गुत्तेदार तुम्ही निवडा. खर्च कंपनी देईल, पण एकदाच. काम फसलं तर पुन्हा आमच्याकडे यायचं नाही."

इकडे थोरली लेक सुशीला पहिल्या बाळंतपणाला आलेली, श्रावणात बाळंत होणार. ऐन पावसात बाळंतिणीच्या खाटेवर माळवद गळलं तर? मी कामं ओळीने लावून हातावेगळी करणारी बाई, पण गुत्तेदार निवडायची माझी छाती होईना. अप्पांना विचारलं. त्यांनी आधी आम्हा सगळ्यांना सामानासकट स्वतःच्या घरात आणलं.

"अप्पा, अडचण होईल तुम्हाला."

"भिंतींना विचारलंय वैनी. त्यांची हरकत न्हाई."

पहिला गुत्तेदार परभणीचा, पायात करकरीत बूट. अप्पांनी त्याला स्वतःच्या माळवदावर नेऊन नुसतं चालायला लावलं. खाली येऊन म्हणाले, "नामंजूर."

"का हो?"

"पाय आपटत चालायलाय. खाली कुनी झोपलेलं असतंय, हे त्याच्या ध्यानातच न्हाई."

हे मला जन्मात सुचलं नसतं.

दुसऱ्याने झरीला एक घर बांधलं होतं. अप्पा आगगाडीने परभणीला गेले, तिथून बैलगाडीने झरीला. त्या अनोळखी घराला शिडी लावली आणि घागरभर पाणी माळवदावर ओतलं. खालून घरधनीण ओरडत बाहेर आली, "कोन हाय रे वर? माझ्या पिठात पानी पडायलंय की!"

"शाबास!" अप्पा वरून म्हणाले. "कुठल्या कोपऱ्यात पडायलंय, तेवढं सांगा."

तिने मुसळ उचललं. अप्पा शिडीवरून उतरले ते थेट गाडीत. तरी घरी आल्यावर तिचंच कौतुक: "बाई लय सच्ची. गुत्तेदार नामंजूर."

तिसरे नदीपलीकडचे इमामभाई. त्यांनी बांधलेल्या तीन घरांवर अप्पांनी घागरी रिकाम्या केल्या, थेंब गळला नाही. इमामभाई चालतही मांजराच्या पावलाने. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

अप्पा म्हणाले, "सबूर."

"आता काय राहिलं?"

"लय झपाट्यानं काम करतो तो."

"मग चांगलंच की!"

"सबूर, वैनी."

आठवडा गेला. गुत्तेदारात खोट नाही आणि अप्पांचा होकार नाही. एकदा सुशीला मला म्हणाली, "आई, अप्पा रोज पहाटे उठून माझं पाणी तापवायलेत. आज मला विचारत होते, पाळणा टांगायला कुठली तुळई बरी?"

त्यांच्या घरातली तुळई!

मला उमगलं. पण श्रावण काही थांबणार नव्हता, आणि पहिलं नातवंड आपल्या छपराखाली यावं असं कुठल्या आईला वाटत नाही? मी अप्पांपुढे जाऊन एवढंच म्हणाले, "अप्पा, सुशीलाला आठवा लागला."

त्यांनी भिंतीवरून एकदा हात फिरवला. दुसऱ्या सकाळी नावेने पलीकडे गेले आणि इमामभाईंना माणसांसकट घेऊन आले. मग महिनाभर उन्हात उभे राहून तेच ओरडत, "हात चालवा रे! लेकरू थांबनार हाय का तुमच्यासाठी?" असा माणूस मी पाहिला नाही. स्वतःचं घर रिकामं व्हावं म्हणून दुसऱ्यांना घाई करणारा.

आषाढात आम्ही आमच्या घरात गेलो. अप्पांनी एकेक भिंत ठोकून पाहिली, "मंजूर" म्हणाले आणि निघून गेले. नंतर फिरकले नाहीत. जेवायला बोलावलं तर म्हणत, "मुआयना झाला. आता माझं काय काम?"

सुशीलाला मुलगी झाली. बारशालाही अप्पा दारातूनच अक्षता टाकून परतले. पुढे दोन दिवस पावसाची झड लागली. मी डोक्यावर घोंगडी घेतली आणि त्यांच्या दारात उभी राहिले.

"अप्पा, बाळंतिणीच्या खोलीत कोपऱ्यात गळतंय वाटतं."

ते ताडकन उठले. भिजत आले. कोपऱ्याखाली उभे राहून बराच वेळ वर पाहत राहिले. माती खडखडीत कोरडी होती. सुशीलाने पोरीला उचलून त्यांच्या हातात दिलं. अप्पा तिला घेऊन अलगद खाली बसले. पोरीने त्यांचं बोट धरलं.

"गळायलंय खरं," ते म्हणाले. "रोज येऊन बघावं लागंल."

"बघा की."

मग दाराकडे नजर टाकून ते हळूच पुटपुटले, "पन वैनी, इमामभाईला कळू देऊ नका. बिचाऱ्याच्या कामात काही खोट न्हाई."