कलीम डबा नंबर तीन

"अब्बाच्या हातचं काम मी डोळे झाकून वळखतो!" असं शकील मिस्त्री छाती ठोकून म्हणाला. त्या दिवशी त्यानं डोळे जरा उघडे ठेवले असते, तर पुढची फजिती टळली असती. पण उघडे ठेवील तो शकील कसला!

हिंगोलीत एसटी डेपोच्या मागं शकीलचं दुरुस्तीचं दुकान. मिक्सर, पंखे, डीजेवाल्यांचे जळके अ‍ॅम्प्लिफायर, सगळं तिथं येतं. आधी त्याच जागी त्याचे वडील कलीम मिस्त्री बसायचे. पन्नास वर्षांपूर्वी गावोगाव गाण्याचे कार्यक्रम करणाऱ्या गायन पार्ट्यांमध्ये गिटार नवी नवी आली, पण ढोलकीपुढं ती कुणाला ऐकूच येईना. तेव्हा कलीम मिस्त्रींनी लाऊडस्पीकरचा एक जुना अ‍ॅम्प्लिफायर घेतला. त्यात दुप्पट वजनाचा ट्रान्सफॉर्मर टाकला, काचेचा एक व्हॉल्व्ह जादा बसवला, आणि आणखी काय काय केलं ते त्यांचं त्यांनाच ठाऊक! पेटी तेलाच्या डब्याएवढी, पण गिटार अशी बोलायची की मांडवात मागं पेंगणारा माणूस उठून बसायचा. लोक त्याला 'कलीम डबा' म्हणायचे. असे फक्त चार झाले. एक जळाला, एक नांदेडकडं गेला तो गेलाच. राहिले दोन.

आता कलीम मिस्त्री चौऱ्याऐंशीचे. डावा कान गेलेला, आणि उजवाही फार दिवस टिकणार नाही असं डॉक्टरनं सांगितलेलं. जन्मात कुणाकडं काही न मागितलेला हा माणूस एक दिवस चहा पिता पिता म्हणाला, "शकील, कान बंद व्हायच्या आधी माझा डबा एकदा ऐकायचाय रे."

शकीलचा गळाच दाटून आला. आणि गळा दाटला की त्याची जीभ सुटते.

"दोन दिवसांत घरात आणतो, अब्बा! नाव बघायची बी गरज न्हाई मला!"

नाव म्हणजे काय, तर मिस्त्री लोकांची एक रीत. पेटी उघडली की आत आपलं नाव आणि तारीख लिहून ठेवायची, म्हणजे पुढच्याला कळतं कुणाचा हात लागलाय ते. अब्बा मात्र पेटीच्या बुडाला, बाहेरूनच, हिरवा ठिपका देऊन उर्दूत नाव आणि नंबर घालायचे.

"अजी, डबा आणायचा तवा आणा," फातिमाबी म्हणाली. ही शकीलची बायको. "पण आधी अब्बांच्या खाटेखालची ती पत्र्याची पेटी हलवा! लग्न होऊन आले तवापासून झाडताना ठेच लागून राहिली मला."

"राहू दे ती," अब्बा एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच शकील मोटारसायकलवर पुसेगावला पोचला. तिथं रत्नपाल राहतो. गायन पार्टीतला जुना गिटारवाला, आता साठी उलटलेला.

"डबा व्हय? हाय की!" म्हणत रत्नपालनं त्याला मागच्या अंगणात नेलं. डबा होता. त्याचं मागचं झाकण नव्हतं आणि आत एक कोंबडी अंड्यांवर बसली होती.

"दादा, आत कोंबडीला जागा कुठून आली?" शकीलनं विचारलं. कोंबडीनं त्याच्या बोटाला चोच मारून उत्तर दिलं.

बुडाला हिरवा ठिपका होता, नंबर दोन. पण ट्रान्सफॉर्मर गायब! व्हॉल्व्ह गायब! कोपऱ्यात तळहाताएवढं एक नव्या जमान्याचं सर्किट तेवढं लोंबत होतं.

"आमच्या पार्टीच्या मॅनेजरनं कुठंतरी दुरुस्तीला नेलता," रत्नपाल म्हणाला. "तो बिचारा बी गेला आता. परत आला तवा आवाज यायचा, पण डब्यातला जीव गेलता. मग मी बी नाद सोडला."

शकीलचं डोकं फिरलं. "कोण्या गाढवानं केलं हे? मिस्त्री म्हणायचं का याला? समोर आणा त्याला, हातातलं सोल्डरिंग काढून घेतो!"

त्याच्या ओरडण्यानं कोंबडी अंडी सोडून पळाली.

दुसरा डबा कनेरगाव नाक्याला पद्माबाईच्या ढाब्यावर असल्याचं रत्नपालला माहीत होतं. पद्माबाईचा मालक, म्हणजे नवरा, पार्टीत ढोलकी वाजवायचा. दोघं तिथं गेले. डबा होता, आणि त्याच्यावर पाण्याचा माठ होता.

"हात लावू नका, माठ डुगडुगतो," पद्माबाई चपात्या लाटता लाटता म्हणाली.

शकीलनं माठ उतरवला आणि डबा उचलला. उचलताना त्याची कंबर कळवळली आणि चेहरा फुलला. "दादा, वजन बघा! ट्रान्सफॉर्मर जाग्यावर हाय! ठिपका बी हाय, नंबर तीन!"

"आमच्या मालकानं हिंगोलीच्या मिस्त्रीकडून नीट करून आणलाय," पद्माबाई म्हणाली. "तवापासून कुणी उघडला न्हाई."

"हिंगोलीचा मिस्त्री म्हंजे अब्बाच की!"

"शकीलभाई, एकदा उघडून तर बघा," रत्नपाल म्हणाला.

"छे! अब्बाच्या समोरच उघडायचा!"

"न्या," पद्माबाई म्हणाली. "पण माठाखाली ठेवायला काहीतरी आणून द्या मला."

परतीच्या वाटेवर डबा रत्नपालच्या मांडीवर आणि शकीलचं तोंड मोकळं. पेट्रोल पंपावर सांगितलं, चहाच्या टपरीवर सांगितलं, डेपोतल्या कंडक्टरला हाक मारून सांगितलं. घरी पोचेपर्यंत दारात तीस-चाळीस माणूस! अब्बांना मधोमध खुर्ची दिली होती. त्यांनी नवा सदरा घातला होता आणि उजवा कान डब्याकडं केला होता.

शकीलनं एकेक स्क्रू असा काढला, जणू लग्नातला आहेर उघडतोय. झाकण निघालं.

आत अर्धी वीट होती. तारेनं नीट बांधलेली. शेजारी तळहाताएवढं सर्किट.

"गाढव!" शकील ओरडला. "तोच गाढव! ट्रान्सफॉर्मर काढून घेतला, आणि गिऱ्हाईकाला डबा हलका लागू नये म्हणून वीट! बघा लोकहो! झाकणावर नाव हाय का त्याचं? वाचा दादा, मोठ्यानं वाचा! सगळ्या हिंगोलीला कळू द्या!"

रत्नपालनं चष्मा लावला, झाकण उजेडात धरलं आणि शकीलकडं पाहिलं.

"वाचू?"

"वाचा म्हणतो ना!"

"शकील रेडिओ, हिंगोली. चौदा मार्च सत्त्याण्णव. जुना कचरा काढून नवीन केले. गॅरंटी एक वर्ष."

अक्षरही सुरेख होतं. मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच हसले. फातिमाबीनं तर पदर तोंडात कोंबला.

शकीलला सगळं आठवलं. तेव्हा व्हॉल्व्ह मिळत नव्हते, आणि तो दिवसाला चार-चार पेट्या 'नव्या' करायचा. कुणाच्या होत्या, कशा होत्या, बघायला वेळ कुणाला होता! डबा हलका लागला तर गिऱ्हाईक माल चोरल्याचा आळ घेईल, म्हणून वीट त्यानंच शोधून आणली होती. तो खाली जमिनीवरच बसला. लाज तर वाटलीच, पण त्याहून जास्त रडू आलं. अब्बांना आता ऐकवायचं काय?

"अब्बा, तुमी तवा दुकानातच बसायचे. बोलले काहून न्हाई?"

"तुझं नवं नवं होतं बेटा," अब्बा म्हणाले. "पहिल्यांदाच गिऱ्हाईक माझं सोडून तुझं नाव घेत आलं. त्याच्यासमोर लेकाला गाढव कसं म्हणू?" मग ते सुनेकडं वळले. "पेटी काढ."

फातिमाबीनं खाटेखालची ती पत्र्याची पेटी ओढली. जुन्या लुंगीत गुंडाळलेले दोन ट्रान्सफॉर्मर. पायमोज्यांत जपून ठेवलेले व्हॉल्व्ह. शकीलनं टाकलेला सगळा 'कचरा' अब्बांनी उचलून ठेवला होता!

अब्बांचे हात थरथरतात, म्हणून सोल्डरिंग शकीलच्या हातात आणि बोट अब्बांचं. "ही तार इकडं. न्हाई, तिकडं. गरम करून करून जाळशील तिला!" दोन दिवस शकीलनं जन्मात खाल्ली नव्हती एवढी बोलणी खाल्ली. कंडेन्सर तेवढे नवे टाकले. तिसऱ्या दिवशी दुपारी बटण दाबलं, तर व्हॉल्व्ह हळूहळू लाल झाले. रत्नपालनं गिटार लावली आणि एकच तार छेडली.

खिडकीच्या काचा थरथरल्या. अब्बांनी उजवा कान डब्याला टेकवला आणि डोळे मिटले. गालावरून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही.

"व्हय," ते म्हणाले. "हाच."

रत्नपाल तासभर वाजवत राहिला. मग झाकण लावायची वेळ आली. शकीलनं पेन काढला आणि सत्त्याण्णवची ती ओळ खोडायला गेला. अब्बांनी हात धरला.

"खोडू नको. त्याच्याच खाली आजचं लिही, बराबर तारीख टाकून. पुढच्या मिस्त्रीला कळू दे, गाढव तेच होतं, पण परत आलतं."

शकीलनं मुकाट्यानं लिहिलं. वीट पद्माबाईच्या माठाखाली जायची म्हणून बाजूला काढून ठेवली होती, तिच्याकडं न बघता लिहिलं. नाव लिहिलं, तारीख टाकली, आणि हाताच्या सवयीनं खाली 'गॅरंटी एक' एवढं लिहून झालं, तेव्हा अब्बांनी पेन काढून घेतला.