साठ मशिनं आणि एक मिनिट

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराला आपण काय करतो हे एका दमात सांगता येत होतं, आणि धंद्याच्या दृष्टीने हीच त्याची मोठी अडचण ठरली. "शिलाई मशीन दुरुस्त करतो," एवढं बोलून तो गप्प बसायचा. पुढे बोलण्यासारखं काही उरतच नसे.

गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात साठ मशिनं होती. त्यांच्या देखभालीचं वर्षाचं काम मिळालं तर दुकान टिकणार, नाहीतर महिनाअखेरीस कायमचं बंद, हे बायकोने त्याला स्वच्छ सांगितलं होतं. कारखान्याचे मॅनेजर दर बुधवारी 'व्यावसायिक परिचय मंडळा'च्या सभेला येतात, हेही तिनेच शोधून काढलं. "जा तिथे," ती म्हणाली, "आणि तोंड असून मुक्यासारखे बसू नका."

मंडळात प्रत्येकाला स्वतःची ओळख करून द्यायला एक मिनिट मिळे. मात्र ती ओळख आधी परिचय-शुद्धी समितीकडून मंजूर करून घ्यावी लागे. समितीच्या अध्यक्षबाईंनी त्याचा कागद वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

"'दुरुस्त' हा शब्द चालणार नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, आपलं काहीतरी बिघडलंय."

"बिघडलं तरच मला बोलावतात, बाई."

"हाच तुमचा संकुचितपणा. 'मशीन'ही काढा. माणसं माणसांशी जोडली जातात."

"मग 'शिलाई' तरी राहू द्या."

"लोक शिंपी समजतील. आणि शिंप्याची जागा भरलेली आहे."

नियम चौदा (ब) प्रमाणे एका व्यवसायाचा एकच सभासद घेता येत होता. कारागिराने नियम वाचला आणि निमूटपणे तोही शब्द खोडला. कागदावर 'मी' तेवढा उरला. त्यावर समितीचा काही आक्षेप नव्हता.

तीन बैठकांनंतर मसुदा मंजूर झाला. "मी सातत्याचा प्रवर्तक आहे. जिथे गती आहे तिथे मी आहे. जिथे ती नाही, तिथे माझी वाट पाहिली जात आहे." कारागीर हे आरशासमोर घोकत असताना बायको दाराशी येऊन थबकली.

"कोण गेलं हो?" तिने हळूच विचारलं.

"कोणी नाही. ही माझी ओळख आहे."

बुधवारी सभेत टाळ्यांचा कडकडाट झाला. मॅनेजर स्वतः उठून आले आणि त्यांनी त्याचे दोन्ही हात धरले. "अहो, होतात कुठे इतके दिवस? आमच्याकडे चाळीस मशिनं बंद पडलीत. माणसं नुसती बसून आहेत."

कारागिराचा जीव भांड्यात पडला. "आत्ता येतो. हत्यारं सायकललाच लावलीत."

"हत्यारं कशाला?" मॅनेजर हसले. "माणसं बसलीच आहेत, तर त्यांना सातत्यावर चार शब्द सांगा. माइकची सोय करतो."

"अहो, पण ती मशिनं मीच..."

"छे छे, त्या तेलकट कामात तुमच्यासारख्यांना कसं घालू? त्यासाठी मेकॅनिक शोधतोय. तुमच्या ओळखीत आहे कोणी?"

"आहे एक," कारागिराने घसा खाकरला. "बावीस वर्षं हेच करतोय. त्याचा हात फिरला की टाका चुकत नाही."

"बोलतो कसा?"

"बोलत नाही. काम करतो."

मॅनेजरांनी खेदाने मान हलवली. "मग अवघड आहे. ज्याला मिनिटभर स्वतःबद्दल बोलता येत नाही, त्याच्या हाती साठ मशिनं कशी द्यायची?"

दुकान ठरल्याप्रमाणे बंद झालं. कारागीर आता दर सोमवारी त्या बंद मशिनांच्या मधे उभा राहून सातत्यावर बोलतो. बोलता बोलता हात जवळच्या मशिनाच्या चाकाकडे जातो आणि लोक काय म्हणतील म्हणून तो मागे घेतो. तेव्हा त्याला रडू येतं, पण ऐकणाऱ्यांना ते फार परिणामकारक वाटतं.

वाचकहो, हसून झालं असेल तर खिशातलं आपलं कार्ड काढा आणि नावाखालची ओळ घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला वाचून दाखवा. तुम्ही नेमकं करता काय, हे त्यांना कळलं तर लगेच कारखान्यात निघून या. मशिनं अजून बंदच आहेत.