नाना आणि जामनेरचं घड्याळ

देवपुरातले माझे घरमालक नाना माणसाच्या तोंडाकडे बघतच नाहीत. आधी मनगट बघतात. मी खोली विचारायला गेलो तेव्हा त्यांनी नाव, गाव, कॉलेज काहीच विचारलं नाही. माझा हात धरला, प्लास्टिकचं घड्याळ उलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "याले आते राम राम म्हन." खोली मिळाली. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. मला वाटलं, शहरात असंच असेल.

नानांचा जीव जुन्या स्विस क्रोनोग्राफ घड्याळांत. त्यांना बाजूला दोन जादा बटणं असतात. दाबली की शर्यतीची वेळ मोजता येते. त्यांच्या यंत्रांवरून नाना मोबाईलवर परदेशी लोकांशी भांडतात. इंग्रजी लिहायचं काम माझं. "चेहरा खोटं बोलस, पोट नही," असं ते म्हणतात. चेहरा म्हणजे तबकडी, पोट म्हणजे झाकणाआडचं यंत्र. एकदा डॉक्टर नानांची नाडी बघत होते आणि नाना डॉक्टरांचं घड्याळ. "साहेब, झाकन उघडू का?" डॉक्टरांनीच हात मागे घेतला. मी मेल्याहून मेल्यासारखा झालो.

एका दुर्मिळ घड्याळावरून तर वर्षानुवर्षं वाद. तसलं एक खानदेशात नक्की आलंय, असं नाना म्हणत. परदेशी मंडळी हसत. एकाने विदूषकाचं चित्र पाठवलं, त्या दिवशी नाना जेवले नाहीत.

मग जामनेरहून गोपाळभाऊ नावाच्या एका गृहस्थांचा फोन आला. गोपाळभाऊंकडे त्यांच्या वडिलांचं, खेळाच्या मास्तरांचं, तसलं घड्याळ होतं. नानांनी खरं म्हटलं की पुण्याचं गिऱ्हाईक तयार. नाना इस्त्रीचा शर्ट घालून निघाले, मला बरोबर घेतलं.

नानांनी झाकण उघडलं, भिंग डोळ्याला लावलं ते खाली घेईनातच. "फोटो काढ," एवढंच म्हणाले. मी काढला.

गोपाळभाऊंची आई, आक्का, शेजारीच बसली होती. ती हळूच म्हणाली, "मास्तर गेल्यापासून रोज सकाळी चावी मीच देते. आता सकाळी काय करू, तेवढं सांगा."

"आई, वेळ मोबाईलमध्ये दिसते ना!" गोपाळभाऊ वैतागले.

नानांनी झाकण लावलं. "नकली शे."

"नक्की?" गोपाळभाऊंनी विचारलं.

"बठ्ठं नकली. कोनी फुकट बी लेवाव नही." आणि घड्याळ दोन्ही हातांनी आक्कांच्या ओंजळीत ठेवलं.

मी हादरलोच. घड्याळाच्या बाबतीत नाना देवासमोरही खोटं बोलले नसते. बसमध्ये बसल्यावर धीर करून विचारलं, "नाना, ते खरं होतं ना?"

"व्हतं."

"मग फोटो पाठवू? त्या लोकांची तोंडं तरी बंद होतील."

"काढी टाक. फिरत फिरत त्या गोपाळपावत गया तर?"

मी फोटो पुसला. नाना खिडकीकडे तोंड करून बसले होते. स्वतःशीच म्हणाले, "रोज चावी दी ऱ्हायनी ना माय... यंत्र कसं जिवतं शे!"